लॉनचं नवं मशीन

ब्राह्मणपुरीच्या पुढे रस्त्याला लागून आमचं दोन एकराचं शेत होतं. माझे मालक गेले, त्याच्या दुसऱ्या वर्षी दिरांनी त्यातली पपई काढली आणि तिथे लग्नाचं लॉन करायचं ठरवलं. दोन्ही घरांची शेती एकत्र होती, सातबारावर माझंही नाव होतं, पण मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. मला घरात बसवत नव्हतं.

ते गवत मी लावलं. डोंगरातून मजुरीला आलेल्या दोघी बायका आणि मी. वाफा ओला करायचा आणि चार-चार बोटांवर हरळीचे तुकडे टोचत जायचं. येणारेजाणारे मोटारसायकल थांबवून बघायचे. एक म्हातारा तर बांधावर बसून पोटभर हसला. म्हणाला, हरळी काढता काढता आमचा जन्म गेला, आणि ही बाई हरळी लावते आहे.

लागली हरळी. मग ती कापायची कोणी, हा प्रश्न आला, तेव्हाही सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. दिरांनी कुठून तरी एक जुनं पेट्रोलचं मशीन आणलं. त्याचं पातं इंजिनवर फिरायचं, पण धूड पुढे न्यायचं ते माणसाने. नऊ वर्षं मी ते ढकललं. पावसाळ्यात तर आठवड्यातून दोनदा. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी आधी गवतातून प्लास्टिकचे चमचे, खुर्च्यांच्या पायांच्या तुटलेल्या टोप्या, फटाक्यांचे कागद वेचायचे, मग मशीन घालायचं. नवरदेवाचा घोडा आत आला असेल तर टापांचे खड्डे मातीने भरायचे. भाजीचं तेल सांडलं तिथे गवत जळून जायचं, तिथे नवीन टोचायचं. उजवा खांदा असा धरला की केस विंचरताना हात वर जाईना. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, घरकाम. दुसरं काय सांगणार.

मीच दिरांच्या मागे लागले होते की स्वतः चालणारं मशीन घ्या. हँडलला लिव्हर असतं, ते दाबलं की चाकं आपोआप फिरतात, आपण फक्त मागे चालायचं. ते मी एका पाहुण्याच्या फोनवर पाहिलं होतं. दोन वर्षं मी सांगत होते. शेवटी गेल्या दिवाळीनंतर दीर ते सुरतेहून घेऊन आले. लाल रंगाचं, मागे गवत साठायची मोठी पिशवी. टेम्पोतून उतरवताना मी पदर खोचून पुढे झाले, तर दीर म्हणाले, "वहिनी, आते तुम्हीन आराम करा. गंज ढकली लिधं."

खूप ढकललंत, हे मला आधी वाटलं, प्रेमाने म्हणताहेत. पण त्यांनी आमच्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला बोलावलं आणि लिव्हर कसं दाबायचं ते त्याला दाखवायला लागले. मी म्हटलं, "भाऊ, मी चालाडसू. माले समजस."

"महागनं मशीन शे, वहिनी. बाईमाणूसनं काम नही. लोके काय म्हनतीन?"

"मंग इतला दिन कोन ढकले?"

त्यांनी ड्रायव्हरचा हात धरून लिव्हरवर ठेवला. ड्रायव्हर खाली बघत राहिला. जड मशीन होतं तोवर मी बाईमाणूस नव्हते. हलकं आलं त्या दिवशी झाले.

ड्रायव्हर चाळिशीचा, चांगला माणूस. मला काकी म्हणायचा. पण त्याला गवताचं काहीच कळत नव्हतं. चार दिवसांवर लग्न होतं. त्याने पातं सगळ्यात खालच्या खाचेवर आणलं, म्हणजे एकदा कापलं की महिनाभर बघायला नको. मी ओट्यावरून ओरडले, "अरे वर घे, मुळं उघडी पडतील." तो म्हणाला, "काकी, तुम्हीन सयपाककडे देखा ना." स्टेजच्या समोर पंधरा पावलांचा पट्टा त्याने मातीपर्यंत खरवडला. दुसऱ्या दिवशी तो पट्टा पिवळा, तिसऱ्या दिवशी तपकिरी. लग्नाच्या दिवशी दिरांनी त्यावर लाल गालिचा टाकला.

मला वाटलं होतं, आता ते त्याला बोलतील. ते म्हणाले, नवीन मशीन आहे, बसेल हात. माझ्या वेळी जुन्या मशीनची एक क्लिप तुटली होती, तर ते तीन दिवस बडबडत होते. हे मला झोंबलं. खांद्यापेक्षा जास्त झोंबलं.

लग्न झाल्यावर तिसऱ्या दिवशी, सकाळी दव वाळल्याबरोबर, मी खिळ्यावरची किल्ली घेऊन सामानाच्या खोलीतून मशीन बाहेर काढलं. सोबतचं पुस्तक मी आधीच वाचून ठेवलं होतं. त्यात हिंदीत सगळं लिहिलेलं होतं, चित्रं होती. पातं वरून दुसऱ्या खाचेवर घेतलं. दोरी डाव्या हाताने ओढली. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. लिव्हर दाबलं आणि मशीन असं सुटलं की मी त्याच्या मागे फरपटत गेले आणि सरळ मेंदीच्या कुंपणात. भांडी न्यायला आलेले केटरिंगवाले चौघे तिथे उभे होते. त्यांतला एक हसला. माझ्या हातावर ओरखडे आले होते, चप्पल मागे राहिली होती.

मी चप्पल आणली, मशीन कुंपणातून ओढून काढलं आणि पुन्हा दोरी ओढली. या वेळी लिव्हर हळू दाबलं. ते अर्धं दाबलं की मशीन बेताने चालतं, हे पुस्तकात नव्हतं, ते हाताला कळलं. एक ओळ सरळ गेली. वळताना लिव्हर सोडायचं, मशीन फिरवायचं, पुन्हा दाबायचं. चौथ्या ओळीला मी मागे फक्त चालत होते. खांदा गप्प होता.

तेवढ्यात दीर मोटारसायकलवरून आले. फाटकातूनच हाताने खूण केली, बंद करा. मी बंद केलं नाही. ते गवतावरून चालत माझ्या पुढ्यात येऊन उभे राहिले. मी त्यांना वळसा घातला.

"वहिनी, बंद करा ते."

"इतली वळ व्हवू द्या, मंग बोलू."

ओळ पूर्ण करून मी इंजिन बंद केलं. केटरिंगवाले भांडी तशीच धरून ऐकत होते. दिरांचा चेहरा लाल झाला होता. मी म्हटलं, "भाऊ, सातबारावर मन्हं बी नाव शे. हाई हरळी मी लायेल शे. मशीन मीच चालाडसू. आणि खोलीनी किल्ली मन्हाजोडे ऱ्हाई."

"आनी मी नही म्हनं तर?"

"तर म्हना. मी चालाडसूच."

ते गेले. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. जेवण वाढलं तर जेवायचे, पण काही हवं असेल तर जावेला सांगायचे आणि ती मला सांगायची. घरात एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. रोज वाटायचं, जाऊन म्हणावं, राहू द्या, तुमचंच खरं. नाही गेले. किल्ली कमरेला लावून कामाला जायचे. ड्रायव्हर एकदा येऊन म्हणाला, काकी, बरं झालं, मला ते काम नकोच होतं.

स्टेजपुढचा पट्टा मी पुन्हा टोचला. एका दुपारी माझी जाऊ येऊन शेजारी बसली. ती कधी लॉनवर येत नसे, तिला उन्हाचा त्रास. हरळीचे तुकडे हातात घेऊन बराच वेळ टोचत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, माले बी शिकाडा ना ते मशीन." मी तिला त्याच दिवशी शिकवलं. तीही पहिल्यांदा कुंपणात गेली.

आता दीर बोलतात. लग्न ठरवायला लोक आले की मला लांबून दाखवतात आणि सांगतात, आमच्या वहिनी स्वतः मशीन चालवतात. मध्यंतरी फोनवर जाहिरात टाकायची म्हणून एका माणसाला घेऊन आले, म्हणाले, नऊवारी नेसून मशीन चालवा, व्हिडिओ काढतो. मी म्हटलं, मी गवत कापते, तमाशा करत नाही. ते पुन्हा दोन दिवस रुसले. तोवर उन्हाळ्यातल्या लग्नांची घाई सुरू झाली होती आणि मला रुसवे काढायला वेळ नव्हता.