आत्याचा टोप गाणगापूरला गेला

त्या श्रावणात विषमज्वरानं माझ्या आत्याचे केस नेले. ताप उतरला आणि त्याच्या मागोमाग कमरेखाली लोळणारी वेणीही उतरू लागली. रोज सकाळी उशीवर काळ्या रेघा. एके दिवशी तिनं स्वतःच न्हाव्याला बोलावलं, ओसरीवर बसून उरलेले केस काढून घेतले आणि डोक्यावर जो पदर ओढला, तो घरातही खाली येईना.

आत्या आमच्याच गावात, जनवाड्यात दिलेली. तिच्या स्वयंपाकघरातली भांडी आमच्या अंगणात ऐकू यायची. मी शाळामास्तर, आणि वर्षातून एकदा गावाला नाटक दाखवल्याशिवाय झोप न येणारा. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं होतं. आमच्या घरात नवरीला पहिली हळद आत्यानं लावायची. ती लागल्यावरच बाकीच्या बायकांनी वाटीला हात लावायचा.

“मी यायची न्हाई,” आत्या म्हणाली. “बोडकं डोकं घिऊन मांडवात उभी ऱ्हाऊ? माझा मालक जित्ता हाय अजून.”

तिचे मालक ओसरीच्या दुसऱ्या टोकाला सुपारी कातरत बसले होते. “हाय, हाय,” ते म्हणाले. “समदं ऐकायलोय.”

मी लगेच धावलो आणि नाटकाच्या पेटीतून राणीचा केसांचा टोप आणला. आत्यानं तो चढवला, आरशात पाहिलं आणि झटक्यात काढून माझ्या अंगावर फेकला. “ह्यात झुरळांची चार बाळंतपणं झाल्यात, मास्तर. तुझ्या राणीला सांग, आधी न्हाऊन ये.”

आत्याचा मुलगा पुण्याला कंपनीत होता. त्यानं संगणकावरच्या बाजारात खऱ्या केसांचा टोप शोधला, पैसे भरले आणि फोन केला, “आई, आठ दिवसांत यायलाय.” तेव्हा आमच्या मोबाईलला बटणं होती आणि इंटरनेट म्हणजे लांबच्या डोंगरावरचं धुकं होतं. आहे म्हणतात, पण हातात येत नाही. त्या धुक्यातून आत्याचे केस निघाले होते.

ते आठ दिवस मला अजून आठवतात. दुपारी घर निजलेलं असायचं, उन्हात तुरीच्या शेताचा वास तरंगायचा, आणि आत्या डोळे मिटून सांगायची, “आत्ता हैदराबादेत हाय बघ. मोठ्या खोलीत ठिवलाय. लई पेट्या हायत, पण हा येकटाच हसायलाय.” दुसऱ्या दिवशी तो जहिराबादच्या पुढं, उसाच्या गाड्यामागं अडकलेला असायचा. मी विचारायचो, “वेणी घातलेली हाय का मोकळे?” ती विचार करून म्हणायची, “मोकळे. प्रवासात कोण घालंल?”

आठव्या दिवशी पुण्याहून फोन आला. “आई, टोप पोचलाय. इथं दिसायलंय. तुझी सही बी हाय.”

आत्यानं आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं. जणू त्यातल्या एकानं तिला न विचारता काही केलं असावं.

त्या सहीची गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावाला येणारं कुरियर बिदरजवळच्या नौबादेत उतरायचं. तिथं एक अण्णा होते, गोल, घामेजलेले, मराठीत बोलता बोलता कन्नडमध्ये हसणारे. गावोगाव जायला त्यांना कंपनी ना गाडी द्यायची ना पेट्रोल. म्हणून ते थांब्यावर जनवाड्याची जीप गाठायचे, पुडकं ड्रायव्हरच्या सीटखाली सारायचे आणि आमच्या वतीनं कागदावर सही करायचे. पुरुषांची सही उजव्या हातानं, बायकांची डाव्या. चोरून नाही, “अण्णा, तुमीच करा की, येवढ्यासाठी कशाला येताव?” असं आम्हीच सांगितलेलं. इतक्या वर्षांत एक राखीसुद्धा हरवली नव्हती.

मी नौबादला गेलो. अण्णांचा चेहरा उतरला. जीप तीच होती, ड्रायव्हरही तोच. पण त्या दिवशी ती जनवाड्याला आलीच नाही. लातूरकडच्या यात्रेकरूंनी ती थांब्यावरूनच ठरवली आणि हुमनाबाद, गुलबर्गा करत गाणगापूरला नेली. ड्रायव्हरला सीटखालचं पुडकं परतल्यावर आठवलं. तोवर यात्रेकरू आपल्या गाठोड्यांबरोबर तेही घेऊन उतरून गेले होते. ते कोण, कुठले, कुणालाच ठाऊक नव्हतं.

“भीमेत आंघोळ करून आले आसतील केस,” आत्या म्हणाली. हसली, पण पदर आणखी पुढं ओढला. लग्नाला सव्वादोन महिने उरले होते.

बाजारवाल्या कंपनीला ज्याच्या नावचं पुडकं त्याच्याच तोंडून तक्रार हवी होती. मी आत्याला समोर बसवून फोन लावला, आवाज मोठा केला. पलीकडं एक मुलगी, मधासारखं हिंदी बोलणारी. तिनं सांगितलं, सही आहे म्हणजे सामान पोचलं. सही तुमची नसेल तर तसं लिहून द्या. खोटी सही करणाऱ्याला कामावरून काढू आणि तुमची भरपाई लगेच करू.

त्याच वेळी अण्णा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं. “लिहून द्या, अक्का,” ते म्हणाले. “चूक माझीच हाय.” त्यांच्या घरी तीन मुली होत्या, हे गावाला ठाऊक होतं.

टोप कसा हरवला त्याचं तीन पानी नाटक तोवर माझ्या डोक्यात तयार झालं होतं. माकड, किल्ल्याची भिंत, भरपूर वारा. मी आत्याच्या कानात पहिला अंक सुरू केला. तिनं मला कोपर मारलं आणि फोनकडं वाकली. हैदराबाद संस्थानाच्या अमदानीत जन्मलेल्या माणसांची ती दखनी हिंदी तिच्या तोंडून सरसर निघाली.

“बेटा, सही मेरीच है समझ. मैंच बोली थी उनको, करो बोलके. उनको कुछ नक्को करो. मगर टोप नहीं आया.”

“मॅडम, सही आपकी है, तो सामान पहुँच गया।”

“कहाँ पहुँचा? जीप में पहुँचा. जीप को सिर रहता क्या? सिर मेरे को है. सिर पे आया तो पहुँचा.”

 मग त्या मधाच्या आवाजाला तडा गेला आणि मुलगी खुदकन हसली. हसू आवरत तिनं विचारलं, सामान कशाचं होतं? आत्यानं सांगितलं. कशासाठी हवं, तेही सांगितलं: ताप, वेणी, हळद, सगळं.  मुलगी हळूच म्हणाली, जे झालं ते तसंच लिहून पाठवा, तुम्हीच सही करायला सांगितली होती हेही लिहा. वाटेत हरवलं असं नोंदवता येतं का, ती वरच्यांना विचारेल.

आम्ही लिहिलं. खाली आत्याची सही, उजव्या हातानं. शेजारी अण्णांची, त्यांच्या स्वतःच्या नावाची. ती करताना ते अडखळले. सवय राहिली नव्हती.

मग वाट पाहणं. चौकशी, पुन्हा चौकशी, आणखी एक कागद. दसरा गेला, दिवाळी गेली. आत्याचा टोप मात्र रोज कुठं ना कुठं असायचा. आज लातूरच्या बाजारात, उद्या कुणा म्हातारीच्या फडताळात. “काल सपनात आला हुता,” ती सांगायची. “कुणाच्या तरी डोक्यावर हुता. त्या बाईला शोभत बी हुता, मेलीला.”

हळदीच्या आदल्या दिवशी फोन आला. तोच आवाज. वाटेत हरवलं, असं मान्य झालंय. अण्णांना ताकीद मिळाली आहे, काम राहिलं आहे. आता पैसे परत करू की नवा टोप पाठवू? चार दिवसांत येईल.

चार दिवस! हळद उद्यावर आलेली. मी कपाळाला हात लावला. आत्यानं मात्र पदराखाली हात घातला आणि हळूहळू डोक्यावरून फिरवला, पुढून मागं, मागून पुढं. मग श्रावणापासून पहिल्यांदाच आमच्यादेखत पदर खांद्यावर येऊ दिला. डोक्यावर केस काळेभोर, दीड बोट वाढलेले, पावसानंतरच्या माळासारखे दाट. तिच्या मालकांचा अडकित्ता थांबला.

“पैसे धाडा, बेटा,” ती फोनवर म्हणाली. मग आमच्याकडं वळून, “टोपाखाली ह्या केसांचा जीव गुदमरंल आता.”

दुसऱ्या दिवशी ती उघड्या डोक्यानं मांडवात आली.  तिनं वाटी घेतली आणि बहिणीच्या गालांना पहिली हळद लावली. बहिणीनं वाटीत बोटं बुडवली आणि आत्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग काय, सगळ्याच बायका आल्या. ते मऊ, उभे केस प्रत्येकीला एकदा हातानं पाहायचे होते. घटकाभरात आत्याचं डोकं करडईच्या फुलासारखं पिवळं झालं.

मांडवाच्या कोपऱ्यात अण्णा जेवत होते. येताना बहिणीच्या नावचं एक पुडकं घेऊन आले होते, स्वतः, नौबादेहून सायकलवर. आत्या पिवळ्या डोक्यानं त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“कागद काढा, अण्णा. नवरीची सही नवरीच करंल.”