पाइपाचं पाणी थांबवलं ती सकाळ

फौजेत चोवीस वर्षं काढली. त्यातली नऊ फायर सेक्शनमध्ये, विमानं उतरायची तिथे. एवढ्या काळात खरी आग विझवायची पाळी एकदाही आली नाही. ती आली निवृत्तीनंतर, आपल्याच शहादा तालुक्यात.

मेजर रणदिवे माझे जुने ओसी, म्हणजे तुकडीचे प्रमुख. रिटायर होऊन ते इथल्या एका खाजगी धावपट्टीवर मुलांना विमान चालवायला शिकवत. एक दिवस फोन आला, "पाटील, फायरची गाडी तुम्ही सांभाळायची." घरी बसून बायकोच्या डोळ्यांत खुपतच होतो. दुसऱ्याच दिवशी हजर झालो.

थंडीचे दिवस होते. इंजिनाचं काम नुकतंच झालेलं, म्हणून चाचणीला साहेब एकटेच निघाले. ७:४० ला वॉकीटॉकीवर विचारलं, "पाटील, रनवे?"

"क्लिअर, सर."

"रोलिंग."

विमान धावलं, उचललं आणि दीडशे फूट उंचीवर इंजिन खोकलं, बंद पडलं. इतक्या खालून वळलं तर विमान कोसळतं, म्हणून साहेबांनी धावपट्टीकडे मागे वळायचा मोह टाळला, समोरच्या गव्हात विमान उतरवायला घेतलं. पण चाकं चिखलात रुतली, विमान उलटलं आणि पेटलं.

मी गाडी कुंपणाबाहेर काढली. गव्हाला नुकतंच पाणी भरलेलं, काळी जमीन. विमानापासून शंभर पावलांवर गाडी फसली ती फसलीच; तिचा फेसाचा पाइप तिथवर पोचेना. आग विझवायचे दोन सिलिंडर खांद्यावर टाकून पळालो. मिनिटभरात दोन्ही संपले. काचेमागे साहेबांचा हात हलताना दिसत होता.

शेताचा मालक सुकलाल पाइप ओढत आला. "आप्पा, मोटर चालू शे! पानी मारू?"

"नको भाऊ! पेट्रोल शे, आग पसरी जाई!"

"मंग काय करू?"

"माटी टाक!"

दोघं माती टाकत राहिलो. ओली माती हातालाच चिकटायची. धग पुढे जाऊ देईना. मी साहेबांना हाका मारत होतो आणि मागे सरत होतो. इतका लाचार मी सीमेवरही कधी झालो नव्हतो. ७:५० ला हात हलायचा थांबला.

चौकशीत माझं बरोबर ठरलं. पेट्रोलच्या आगीवर पाण्याची धार मारायची नाही, हे साहेबांनीच मला शिकवलेलं. ते ऐकून काही हलकं वाटलं नाही.

त्या बांधावरून जाताना मी अजूनही सावधान होऊन साहेबांना सॅल्यूट करतो. सुकलाल दिसला की जवळ येतो आणि तेच विचारतो, "आप्पा, मी पानी मारतू तं साहेब वाचता का?"

"नही भाऊ," मी ठामपणे सांगतो. त्याला झोप लागावी म्हणून सांगतो. खरं काय ते मला ठाऊक नाही.