छोट्या महिन्यातली तीन तारीख

“माझ्या टेबलावर माणसं मरत नाहीत, दिवस मरतात,” बिशाय एकदा म्हणाला होता.

सरकारी वकिलांच्या कचेरीत एकतीस वर्षं तो फौजदारी तक्रारींच्या नोंदवहीवर बसला. समोरच्या टेबलावर मी. मारहाणीसारख्या किरकोळ गुन्ह्याला मुदत तीन वर्षं. तेवढ्यात चौकशी सुरू झाली नाही, तर खटला उभाच राहत नाही. घडलेलं घडलेलंच असतं, पण कायदा त्याच्याकडे पाठ फिरवतो. ही पाठ नेमकी कधी फिरणार, ते बिशायला कॅलेंडर न बघता कळे. वीस वर्षांपूर्वीची तारीख सांगा, तो वार सांगे. अशा वेळी मला त्याच्या डोळ्यांत बघवत नसे. गेलेले सगळे दिवस तिथे आत अजून उभे आहेत, असं वाटे.

सात सप्टेंबरचा तो गुरुवार. नाईलपलीकडच्या खेड्यातली उम्म शाकिर आली. शाकिरची आई, पन्नाशीची, डावा हात कोपरात वाकडा. तीन वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या हमदानने कुदळीच्या दांड्याने तो मोडला होता. गावच्या पंचांनी समेटाच्या नावाखाली तिला थांबवून ठेवलं: कापूस निघू दे, रमजान जाऊ दे, त्याच्या मुलीचं लग्न होऊ दे. पंचांच्या जुन्या कागदावर मारहाणीचा दिवस लिहिला होता, ‘मिस्रा महिन्याच्या अखेरीस’. आमचे शेतकरी अजून जुन्या कॉप्टिक पंचांगाच्या महिन्यांनीच पेरतात आणि भांडतात.

“मिस्राची तीस म्हणजे पाच सप्टेंबर,” बिशाय म्हणाला. “मुदत परवाच संपली.” अर्जावर तसा शेरा मारून त्याने सही केली.

ती हलली नाही. “अहो भाऊ, दोन दिवसांत माझा हात सरळ झाला का?”

“हात कोण बघतो, उम्म शाकिर? इथे तारीख बघतात.”

“मग तुमची तारीख आंधळी. बाजारातून येत होते मी, कबुतरं विकून. रिकामा पिंजरा डोक्यावर होता. मेल्याने आधी तोच फोडला.”

बिशायचं पेन थांबलं. “बाजार कुठला?”

“आमच्याच गावचा. मंगळवारचा.”

“त्या वर्षी पाच तारखेला शनिवार होता,” तो हळू आवाजात म्हणाला.

मिस्रा संपला की नवं वर्ष लागण्याआधी पाच दिवसांचा छोटा महिना येतो. खेड्यात त्याला कुणी महिना म्हणून धरत नाही. ते दिवस मिस्राच्याच शेपटीला बांधून टाकतात. पंचांनी तेच केलं होतं. बिशाय त्याच खेड्यांतला, तरी त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्या पाच दिवसांत मंगळवार एकच: छोट्या महिन्याची तीन तारीख, आठ सप्टेंबर.

म्हणजे तीन वर्षं उद्या भरत होती, आणि उद्या शुक्रवार, कचेरी बंद. नुसता अर्ज घेऊन मुदत थांबत नाही. चौकशी करणाऱ्या सरकारी वकिलांसमोर जबाब आजच सुरू व्हायला हवा होता.

बिशायने स्वतःच्या शेऱ्यावर लाल रेघ मारली. खाली लिहिलं, ‘माझी मोजणी चुकली’, आणि सही केली. एकतीस वर्षांत हे वाक्य मी त्याच्या अक्षरात पाहिलं नव्हतं. तो जिना चढू लागला. मागे ती, तिच्यामागे मी.

वर तरुण सरकारी वकील बॅग भरून उभे होते. “बिशायकाका, माझी कैरोची गाडी आहे. शनिवारी आणा बाईंना.”

“शनिवारी बाई येईल, बाशासाहेब. खटला येणार नाही.”

त्यांनी अर्ज पाहिला. “मुदत संपली हे तुम्हीच लिहिलंय.”

“चूकही मीच लिहिलीय, खाली. तारखेच्या पुराव्याला दवाखान्याची वही नंतर मागवता येईल. बाईचा जबाब मात्र आजच हवा.”

“तुमची चूक? काका, हा कागद फ्रेम करून लावायला हवा.”

“लावा. आधी जबाब घ्या.”

वकिलांनी घड्याळाकडे पाहिलं, बॅग खाली ठेवली, लेखनिकाला हाक मारली. तारीख आणि वेळ कागदावर चढली. मग तिचं नाव. कुणी हमदानला हातही लावला नव्हता, एक शब्दही अजून सिद्ध झाला नव्हता. तरी तीन वर्षं एका बाईविरुद्ध मोजला जाणारा काळ त्या दोन ओळींपाशी थबकला.

“अंगठा इथे,” लेखनिक म्हणाला.

तिने अंगठा उमटवला आणि मागे वळली. “भाऊ, तुमच्या आईचं नाव सांगा, आमच्यात आईच्या नावानेच माणसासाठी मागतात. दुआ मागेन.”

बिशाय भिंतीपासून दूर झाला, त्याने कोटाचं बटण लावलं, आणि दाराबाहेर पडून खाली आपल्या नोंदवहीकडे निघून गेला.