चार नगरसेवक आणि एक झाकण

लोकशाहीवर बोलायला बसलं की किस्से जमतात आणि लोकशाही राहून जाते. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या मतदार कट्ट्याचं हेच झालं. मी आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं म्हणून मला अध्यक्ष केलं. योग्य केलं का, याची मला अजून शंका वाटते.

प्रश्न एकच होता. गेटसमोरच्या गटाराच्या चेंबरचं झाकण गेलेलं. काठी टेकत रोज देवळात जाणाऱ्या दामलेवहिनी घरात अडकून पडल्या.

* * *

आमच्या प्रभागाला चार नगरसेवक. पॅनेल पद्धतीमुळे प्रतिनिधित्व व्यापक होतं, असं मी कट्ट्यावर समजावलं आणि फोन लावले. पहिले म्हणाले, गटाराचं दुसरे बघतात. दुसरे म्हणाले, रस्ता तिसऱ्या मॅडमकडे. मॅडमचा फोन त्यांच्या यजमानांनी उचलला. "बोला काका, मॅडमचं सगळं मीच बघतो!" चौथे मात्र स्वतः आले. चेंबरसोबत सेल्फी काढून गेले.

वहिनी म्हणाल्या, "सर, व्यापक झालं. आता झाकण बघा."

* * *

मग वॉर्ड ऑफिसात शिष्टमंडळ न्यायचं ठरलं. रांगेत उभं कोण राहणार? निवृत्त बँक मॅनेजर साठ्यांनी गुप्त मतदानाचा आग्रह धरला. चिठ्ठीवर ‘नोटा’ही हवा, हा आग्रह माझा. निवडणूक सुधारणा घरापासून सुरू व्हावी, म्हणून.

नोटा एकमताने निवडून आला!

* * *

निदान प्रभागातल्या बेकायदा फ्लेक्सविरुद्ध ठराव तरी करू, असं मी सुचवलं. ठराव लगेच मंजूर झाला, कारण त्यासाठी कुठे जायचं नव्हतं. तक्रार साठ्यांनी मोबाइलवरूनच केली.

* * *

दिवाळीला चौघा नगरसेवकांचा एकत्र शुभेच्छांचा फ्लेक्स आला, चौघांचेही हात जोडलेले. बांबूंसाठी खड्डा कोण खणणार? कार्यकर्त्यांनी बांबू सरळ चेंबरमध्ये रोवले आणि भोवती दगड-माती ठासली. भोक बुजलं. वहिनी दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन आल्या.

आठवड्याने पालिकेची गाडी आली. आमच्याच तक्रारीवरून! कर्मचारी बांबू उपटायला वाकले, तसा सगळा कट्टा फ्लेक्सभोवती उभा राहिला. मीसुद्धा. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

मुकादम वैतागला. "काका, शिकलेली माणसं तुम्ही. यांचे कार्यकर्ते आहात काय?"

मी नाही म्हणणार, तोच दामलेवहिनींनी काठी आडवी धरली.

"हो," त्या म्हणाल्या. "कट्टर."