मधपेटीचे दार

१९४८ च्या सप्टेंबरात मी हैदराबादच्या नारायणगुडा भागातील एका शाळेत जीवशास्त्र शिकवीत होतो. आमचे उर्दूचे शिक्षक बहिणीला आणायला बीदरकडे निघाले, तेव्हा सातेरी मधमाश्यांची आपली पेटी त्यांनी माझ्या अंगणात आणून ठेवली.

"तीन वर्षं सांभाळलंय यांना, मास्टरसाब. तुमच्याकडे महफूज राहतील. तुम्ही तर वर्गात यांचाच धडा शिकवता," ते हसून म्हणाले.

दोनच दिवसांनी भारतीय फौजा निजामाच्या संस्थानात शिरल्याची बातमी आली. गल्लीत ठरले, दारे-खिडक्या लावून घरात बसायचे. नेमक्या त्याच आठवड्यात गांधीलमाश्या पेटीमागे लागल्या होत्या. गांधीलमाशी पेटीच्या तोंडाशी घिरट्या घालते, परतणारी कामकरी माशी पकडते आणि तिचे मांस आपल्या अळ्यांना भरवते. तिला हाकायला मला आता अंगणात उभे राहता येणार नव्हते. म्हणून पहाटे, सर्व माश्या आत असताना, मी पेटीच्या दारात चिंधी कोंबली आणि वरून ओली माती लिंपली. फट राहिली नाही, याची बोट फिरवून खात्री केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पत्नी खिडकीच्या फटीतून पाहून म्हणाली, "अहो, पेटीखाली काहीतरी गळतंय."

तो मध होता. मी झाकण उचलले. पोळी मऊ होऊन कोसळली होती. तळाशी माश्यांचा ओला, काळा थर. एकही पंख हलत नव्हता. राणीही त्यातच.

पेटीत उष्मा वाढला की कामकरी माश्या दाराशी उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. दार बंद झाले तर त्यांची तडफड वाढते आणि त्या तडफडीने उष्माही वाढतो. हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवीत असे.

पंधरवड्याने शिक्षक परतले. बहीण सुखरूप होती.

"सब खैरियत, मास्टरसाब? पोरं मध जमवतायत की नुसता दंगा?"

मनाशी जुळवलेली वाक्ये मला आठवेनात. "सगळी मेली. दार मी लावलं. गांधीलमाश्या येत होत्या," एवढेच म्हणालो.

पेटी साफ करण्याचा मला धीर झाला नव्हता. ते तिच्यापुढे उकिडवे बसले, वाळलेली माती त्यांनी नखाने खरवडली.

"गांधीलमाश्यांनी दिवसाला किती नेल्या असत्या?"

"वीस-पंचवीस."

"आणि आत किती होत्या?"

त्यांनी पेटी उचलून खांद्यावर घेतली. मी हात लावायला पुढे झालो.

"राहू द्या," ते म्हणाले.