शेवटच्या शेताचं पाणी

आमचे शेजारी तात्या पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं, हे बघण्यात त्यांची नोकरी सरली. निवृत्त झाल्यावरही ते रोज पहाटेच कालव्यावर जात, हातातली काठी पाण्यात बुडवत, ती कुठवर भिजली ते बघत आणि डोळे मिटून मान हलवत. त्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. "सरकारनं ह्यांना सोडलं, ह्यांनी पाट न्हाय सोडला," असं त्यांच्या पत्नी, आक्का, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

स्पर्धा परीक्षेत दुसऱ्यांदा नापास होऊन मी बारामतीच्या अभ्यासिकेतून पणदऱ्याला परत आले होते. आणखी एक प्रयत्न, मग पुस्तकं बांधून ठेवायची, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. दुपारी मी पुस्तक घेऊन कालव्याच्या कडेला बसायची. ऊस सळसळायचा, पाण्यावरून बाभळीची पिवळी फुलं सावकाश वाहत जायची आणि त्यांच्यामागून माझं मनही. दिवस कलला तरी पान तेच असायचं.

"वाचतीयास का फुलं मोजतीयास?" एकदा मागून तात्यांनी विचारलं.

"मनच लागत न्हाय, तात्या."

"मनाला इचारून पाणी सोडलं असतं तर निम्म्या गावाचा ऊस वाळला असता. पाण्याची पाळी आली की दारं धरायचं, पाणी रानात वळवायचं. मन येतंय मागनं."

त्याच संध्याकाळी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पाळीपत्रक आखलं. शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी माझे विषय. "सगळ्यात नकोसा कंचा?" म्हणाले. मी अर्थशास्त्र सांगितलं. त्यांनी तेच पहिलं लिहिलं, सकाळी आठला.

"त्यो तुजा पाटाच्या टोकाचा, शेवटचा शेतकरी. पाणी आधी त्याला. तोंडाजवळच्यांना काय, झिरपूनबी मिळतं."

मी मनात चरकले. दोन वर्षं मी आवडत्या इतिहासालाच पाणी पाजत बसले होते, आणि दोन्ही वेळा मला अर्थशास्त्रानेच बुडवलं होतं.

मग रोज आठला आमच्या पायरीच्या दगडावर काठी वाजायची. "पाळी आली." संध्याकाळी पुन्हा दारात येऊन विचारायचे, "कुठवर पोचलं पाणी?" मी म्हणायची, "चलनवाढीपर्यंत." ते डोळे मिटून मान हलवायचे, जणू चलनवाढ त्यांच्या बघण्यातलीच होती.

मध्ये निरवांगीला मावसबहिणीच्या लग्नात माझे तीन दिवस गेले. परत आल्यावर तिन्ही दिवसांचा अभ्यास एकदम उरकायला बसले, तर तात्यांनी पुस्तक मिटलं. "गेली पाळी गेली. ती कुणाच्या तरी रानात मुरली. आजची तेवढी घे." इतकं हलकं मला त्या वर्षात कधीच वाटलं नव्हतं.

परीक्षेला महिना राहिला आणि तात्यांना बारामतीच्या दवाखान्यात नेलं. मी सकाळीच भेटायला गेले. त्यांनी अर्धवट डोळे उघडले.

"किती वाजलं?"

"साडेआठ."

"मग हितं काय करतीयास?"

मला राग आला, रडूही आलं. त्यांच्या खाटेपाशी बसून मी पुस्तक उघडलं. ते झोपेत हसल्यासारखे वाटले. चार दिवसांनी ते गेले.

त्यानंतर मी पुस्तकाला हात लावला नाही. आठ वाजायचे, पायरी गप्प असायची, आणि मी खिडकीतून उसाचे तुरे हलताना बघत राहायची. ही परीक्षाही गेली, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी दगडावर काठी वाजली. मी धावत बाहेर आले. आक्का उभ्या होत्या. त्यांचे डोळे सुजले होते, आणि काठी धरायची सवय नसल्याने ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"पाळी आली गं," त्या म्हणाल्या. "ह्ये मला सांगून गेल्यात."

मी आत जाऊन अर्थशास्त्र उघडलं. परीक्षेपर्यंत आक्कांनी एक दिवस चुकवला नाही.

आता मी इंदापूरला एका सरकारी कचेरीत आहे. निकाल कळला तेव्हा मी आधी आक्कांकडे गेले होते. त्या तात्यांची काठी हातात धरून मला कालव्यावर घेऊन गेल्या. काठी पाण्यात बुडवली, वर काढली, ती कुठवर भिजली ते बघितलं आणि डोळे मिटून मान हलवली.

"पोचलं," म्हणाल्या. "शेवटच्या शेतात पोचलं."