क्रूस नसलेलं पान

आमेनकाका गेले आणि तिसऱ्या दिवशी पाळकसाहेबांचा निरोप आला. रविवारच्या स्मरणसभेसाठी त्यांच्यावर दोन पानं लिहून दे, तू त्यांच्याबरोबर काम केलंयस. निरोपात 'संत माणूस' हे शब्द दोनदा होते. माझं डोकंच फिरलं. एकदा माणसाला संत म्हटलं की सगळेच सुटतात, तोही आणि आपणही. म्हणून लिहिते आहे. सभेत वाचतील की नाही, ते त्यांचं त्यांनी बघावं.

आमेन हे नाव ठाण्यातल्यांनी ठेवलेलं. दुपारी डबा उघडायच्या आधी ते डोळे मिटून ओठ हलवायचे आणि शेवटी मोठ्याने 'आमेन' म्हणायचे. मग अख्खी खोली एका सुरात 'आमेन' म्हणायची आणि त्यांचा डबा चौघांत फस्त व्हायचा. काका हसायचे. त्यांना चिडलेलं कधी कोणी पाहिलं नाही, आणि मला तेच खटकायचं. पोलिसात सव्वीस वर्षं काढून ज्याला एकदाही राग येत नाही, तो काहीतरी गिळत असतो.

उंचीच्या जोरावर भरती झाले, एका चोरामागे धावताना गुडघा गेला, आणि अक्षर मोत्यासारखं होतं म्हणून त्यांना रोजनाम्यावर बसवलं; मी आले तेव्हा त्याला अकरा वर्षं झाली होती. रोजनामा म्हणजे ठाण्याची जाड वही. कोण आलं, कोणाला आणलं, किती वाजता, सगळं क्रमाने, आकडे घालून लिहायचं. कोर्टात आमच्या तोंडावर कोणी विश्वास ठेवत नाही, या वहीवर ठेवतात.

आणि आमच्या ठाण्यात या वहीत 'साहेबांच्या ओळी' असायच्या. दर दहाएक नोंदींनंतर आकडा घालून दोन ओळी कोऱ्या सोडायच्या. पुढे-मागे काही गरज पडली तर साहेब सांगतील ते त्यात बसवता येतं. ही पद्धत कोणी सुरू केली कोणास ठाऊक. मी रुजू झाले तेव्हा ती भिंतीवरच्या घड्याळाइतकी जुनी होती.

काकांची स्वतःची एक वेगळी पद्धत होती. रात्रपाळीवाला आला की ते दिवस मिटवायचे, सही करायचे आणि सहीच्या डाव्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा क्रूस काढायचे. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, हे काय? म्हणाले, "आज मी जे लिहिलं ते खरं लिहिलं, एवढं त्याला सांगतो."

"आणि साहेबांच्या ओळी?"

"मी सही करतो तेव्हा त्या कोऱ्या असतात, पोरी."

मी हसले होते. मी त्यांच्याच चर्चची, रविवारी प्रभुभोजनाची, म्हणजे पवित्र भाकरीची थाळी तेच माझ्यापुढे धरायचे, त्यामुळे मला वाटलं, चला, म्हातारा देवाशीही नियमाने वागतो. आता आठवलं की अंगाची लाही होते. कोऱ्या ओळीच्या आडोशाला राहून या माणसाने अकरा वर्षं स्वतःची समजूत घातली होती.

मग तो नळवाला आला. म्हणजे आणला. महिनाभर आधी त्यानेच आमच्या ठाण्यातलं तुंबलेलं बेसिन मोकळं करून दिलं होतं. एका मोठ्या घरात पाइप बदलायला गेला आणि त्याच दिवशी तिथल्या बाईची सोनसाखळी दिसेनाशी झाली. दुसरा संशयित शोधायला कष्ट पडले असते. सकाळीच त्याला घेऊन आले. आत नेताना त्याने मला ओळखलं. म्हणाला, "पाणी नीट जातंय ना, बाई?" मी मान हलवली.

काकांनी पेन उचललं होतं. साहेब म्हणाले, "आत्ता नको. ओळ सोडा." काकांनी ओळ सोडली.

दुपारभर मागच्या खोलीतून आवाज येत होते. ते कसले, हे सांगायची गरज नाही. काका एकदा उठले, तांब्या भरून आत घेऊन गेले आणि रिकामा घेऊन परत आले. बाहेर व्हरांड्यात नळवाल्याची बायको बसली होती. येईल त्या शिपायाला विचारत होती, "त्यांना सोडताय ना?" सगळे कानावर हात ठेवत होते. चारनंतर आतले आवाज थांबले. सव्वापाचला धावपळ सुरू झाली, गाडी निघाली, आणि दवाखान्यातून फोन आला की माणूस आणण्याआधीच गेलेला होता.

रोजनामा त्याच संध्याकाळी वरच्या कचेरीत जाणार होता. त्यामुळे ओळ कोरी असतानाच सही करून मोकळं व्हायची काकांची नेहमीची पळवाट बंद झाली. साहेब त्यांच्या खुर्चीमागे उभे राहून सांगत गेले आणि काका लिहीत गेले. पाच वाजता नळवाला चौकशीसाठी स्वतःहून हजर. पाच वाजून वीस मिनिटांनी छातीत दुखत असल्याची तक्रार. मग साहेबांनी सकाळच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे टाका, ठाण्यात शांतता."

काकांनी तेही लिहिलं. मोत्यासारख्या अक्षरात.

चार दिवसांनी साखळी सापडली, त्याच घरात, उशीच्या अभ्र्यात. ठाण्यात कोणी त्यावर अवाक्षर काढलं नाही.

पुढचे तीन रविवार मी बघत होते. काका थाळी घेऊन बाकाबाकांतून फिरायचे, सगळ्यांना भाकर द्यायचे, आणि शेवटी स्वतः न घेताच थाळी टेबलावर ठेवायचे. चौथ्या रविवारी मी त्यांना चर्चच्या दारात गाठलं.

"तुम्ही घेत का नाही?"

"मला अधिकार नाही."

"आणि पाळकसाहेब काय म्हणतात?"

"म्हणतात, प्रार्थना करा, तो क्षमाशील आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना जन्मभर अहो-जाहो केलं, त्या दिवशी पहिल्यांदा अरे-तुरेवर यावंसं वाटलं. "क्षमा तो करेल हो! त्याला काय, त्याला कोणी मागच्या खोलीत नेलं नव्हतं. नळवाल्याची बायको रोज ठाण्यात येऊन बसते. तिला जाऊन सांगा ना, की मी फार प्रार्थना करतो!"

"मी त्याला पाणी दिलं होतं," काका म्हणाले.

"दिलंत ना. आणि दार ओढून घेतलंत."

त्यांची मान खाली गेली होती, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. अजून वाटत नाही.

नळवाल्याच्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी लागली तेव्हा काकांच्या निवृत्तीला सात महिने होते. आदल्या दिवशी साहेबांनी त्यांना बोलावून खुर्ची दिली. मी फायली घेऊन तिथेच होते. साहेब म्हणाले, "तुम्ही देवाधर्माचे, तुम्हाला खोटं बोलायला मी सांगणारच नाही. न्यायाधीश बाई फक्त विचारतील, अक्षर तुमचं आहे का. हो म्हणा आणि घरी जा. त्यात खोटं काय?" माणसाची दुखरी जागा बरोबर ओळखायची अक्कल होती त्यांना. काकांसाठी यापेक्षा सोयीची कोरी ओळ कोणी सोडली नसती.

चौकशीची खोली लहान होती. टेबलामागे न्यायाधीश बाई, बाजूला लेखनिक, भिंतीलगतच्या बाकावर नळवाल्याची बायको मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. साहेब समोर, पायावर पाय टाकून. आमच्या ठाण्यातून वह्यांचा गठ्ठा मी नेला होता, म्हणून मी दाराशी उभी होते.

काकांनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. न्यायाधीश बाईंनी ते पान उघडून विचारलं, "ही नोंद तुमच्या हातची?"

"हो."

"सही तुमची?"

"हो."

"ठीक आहे, जा तुम्ही," असं म्हणून त्यांनी वही मिटली. साहेबांनी पाय खाली घेतला. मी मनात म्हटलं, झालं, म्हातारा सुटला. आणि इतका संताप आला की हातातला गठ्ठा त्यांच्या डोक्यात घालावा.

काका उठले नाहीत. म्हणाले, "बाई, वही परत उघडा. माझ्या सहीशेजारी क्रूस नाही."

"कसला क्रूस?"

"आदल्या दिवशीचं पान बघा. दुसऱ्या दिवशीचं बघा. कुठलंही पान बघा."

बाई पानं उलटू लागल्या. एक वही, दुसरी वही. दाण्याएवढे क्रूस, प्रत्येक सहीच्या डाव्या बाजूला, एकही चुकलेला नाही. साहेब उठून म्हणाले, "यांच्या डोक्यावर परिणाम झालाय." बाईंनी त्यांना हातानेच खाली बसवलं.

"त्या दिवशी मी खोटं लिहिलं," काका म्हणाले. "तो सकाळी आला होता. तो आत ओरडत होता तेव्हा मी या वहीत 'ठाण्यात शांतता' लिहायला जागा ठेवली होती. अशा ओळी मी अकरा वर्षं सोडत आलोय. बाकीच्या पानांवर क्रूस आहेत म्हणून ती खरी समजू नका. ते क्रूसही खोटेच आहेत."

बाकावरची बाई उभी राहिली होती. तिच्या मांडीवरची पिशवी खाली पडली, तरी कोणी उचलली नाही.

"हा एकटा काहीही बरळेल," साहेब ओरडले. "दुसरा कोणी आहे का सांगणारा?"

न्यायाधीश बाईंनी काकांना विचारलं, "त्याला आणलं तेव्हा आणखी कोण होतं तिथे?"

मला वाटलं, आता ते माझं नाव घेतील. किंवा मला वाचवायला म्हणतील, कोणी नव्हतं. काका वळले आणि थेट माझ्याकडे बघत राहिले.

"आजवर मी सगळ्यांच्या वाटचं लिहीत आलो, बाई," ते म्हणाले. "आता कोणाच्या वाटचं बोलणार नाही. ज्याचं त्याने सांगावं."

मला त्यांचा असा राग आला, की त्यापुढे आधीचे सगळे राग फिके. महिनाभर मी या माणसाला फाडून खात होते, चर्चच्या दारात त्याची लाज काढली होती, आणि त्या सगळ्या काळात मला एकदाही कोणी विचारलं नव्हतं की तू कुठे होतीस. मी नवी होते. माझ्यावर घर चालत होतं. मी दुपारभर आवक-जावकच्या फायली लावत बसले होते आणि आवाज वाढला तसा पंखा वाढवला होता. काकांनी निदान तांब्या तरी नेला.

नळवाल्याची बायको आता माझ्याकडे बघत होती.

"मी होते," मी म्हणाले. "दहाला दहा मिनिटं कमी होती. मला वेळ पक्की आठवते. माझा चहा नुकताच आला होता, आणि त्याने मला विचारलं, पाणी नीट जातंय ना. मी मान हलवली आणि चहा पूर्ण प्यायले."